गूळ नको, मोठी बाटलीही नको

वाचकाचे पत्र

मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. सध्या मुलाकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी आहे. सुनेने नातवासाठी हमिंगबर्डचा फीडर, म्हणजे फुलांतला रस पिणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी साखरपाणी भरून ठेवायची बाटली, आणला आणि मागच्या अंगणात डेकच्या दांडीला टांगला. मुलगा-सून कामात, नातू दिवसभर कॅम्पला, त्यामुळे तो सांभाळायचे काम माझ्याकडे आले आणि मला त्या पक्ष्यांचा लळा लागला. पण अडचणी संपत नाहीत. अर्ध्या लिटरची बाटली आहे, एकदा भरली की आठवडा निघावा अशी अपेक्षा. पण चार दिवसांतच पाणी गढूळ होते, भोकांशी काळे ठिपके दिसतात. मुंग्यांची रांग लागते, गांधीलमाश्या येतात. एक पक्षी तर दुसऱ्या कुणाला टेकूच देत नाही. पांढरी साखर आम्ही घरात बंद केली आहे, मग त्या एवढ्याशा जिवाला ती का द्यायची? गूळ किंवा मध चालेल का? सून म्हणते, बाजारात लाल पावडर मिळते ती घालू. शेजारच्या बाई म्हणतात, सप्टेंबरमध्ये फीडर काढला नाही तर पक्षी दक्षिणेला जात नाहीत आणि थंडीत मरतात. मी ऑक्टोबरात परत जाणार, माझ्यामागे काय करायचे तेही सांगा. आणि सांगलीला बहिणीच्या बागेत असा फीडर लावता येईल का?

— एक आजी, कॅरी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

पुढचे वाचण्याआधी फीडर खाली उतरवा आणि त्यातले सगळे पाणी सिंकमध्ये ओतून टाका. काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि पाणी गढूळ झाले म्हणजे साखर आंबायला लागली. त्यात वरून ताजे पाणी घालून भागत नाही, कारण तळाशी उरलेले जुने पाणी नव्यालाही लगेच नासवते. आज-उद्या फीडर नसला तरी पक्ष्यांचे काही अडणार नाही. ऑगस्टमध्ये तुमच्या भागात फुलेही भरपूर असतात आणि किडेही.

तुमच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत दिसते. तुमच्याकडे येतो तो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात घरटे करणारा हमिंगबर्ड हा एवढाच. त्याचे वजन जेमतेम तीन ग्रॅम. असे दोन-चार पक्षी दिवसभरात कितीसे पिणार? बाटलीतले बरेचसे पाणी उन्हात नुसते उभे राहते. कॅरीत या दिवसांत पारा 90 फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या 32 सेल्सिअसच्या आसपास असतो. अशा उकाड्यात साखरेचे पाणी फार तर दोन दिवस टिकते. पारा नव्वदच्या वर गेला तर रोज बदलायचे. सप्टेंबरअखेर हवा सत्तरीत उतरली की तीन-चार दिवस चालते, साठीत आली की पाच-सहा. मात्र दिवस भरले नसले तरी पाणी जरासे धुरकट दिसले की ते ओतून द्यायचे.

म्हणून माप अगदी छोटे धरा. पाव वाटी पांढरी साखर आणि एक वाटी पाणी. एकास चार हे प्रमाण सोडू नका. हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात, त्यांच्या मधुरसात साखर साधारण एवढीच असते. पाणी गरम करून त्यात साखर विरघळवा आणि गॅस बंद करा. पाक करायचा नाही. उकळत ठेवले तर पाणी आटते आणि प्रमाण बिघडते. पूर्ण गार झाल्यावरच फीडरमध्ये घाला. रोज करायचा कंटाळा येत असेल तर एकदम चार वाट्या पाण्याचे करून झाकणाच्या स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर चांगले राहते. रोज त्यातले लागेल तेवढेच काढायचे. दिवस मावळताना फीडरमध्ये थोडेफार उरेल इतका अंदाज आठ दिवसांत तुम्हाला येईल. संध्याकाळी आणि पहाटे त्यांना भूक जास्त असते. रात्री हा पक्षी शरीराचे तापमान उतरवून गुंगीत जाऊ शकतो, एवढी त्याची शक्ती तुटपुंजी असते. त्यामुळे झोपण्याआधीचा आणि उठल्यानंतरचा घोट त्याला मोलाचा.

आता गुळाचे. तुमची भावना मला पोचली. आपल्याकडे लहान मुलाला काही द्यायचे म्हटले की साखरेच्या डब्याआधी गुळाच्या डब्याकडे हात जातो. पण गुळात लोह असते, आणि त्या लोहासाठीच आपण तो चांगला मानतो. हमिंगबर्डच्या नैसर्गिक आहारातल्या मधुरसात लोह जवळजवळ नसतेच. जास्तीचे लोह त्यांच्या शरीरातून निघून जात नाही, साठत राहते आणि अपाय करते. म्हणून गूळ नाही, ब्राऊन शुगर नाही, आणि पिवळसर रंगाची ऑरगॅनिक साखरसुद्धा नाही, कारण तिच्यातही मळी राहिलेली असते. मध तर अजिबात नको. पाण्यात कालवलेला मध साखरेपेक्षा लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी झपाट्याने वाढते. तुम्ही घरात बंद केलेली पांढरी, दाणेदार, शुद्ध साखर म्हणजे सुक्रोज, आणि ज्या फुलांवर हे पक्षी जातात त्यांच्या रसातली मुख्य साखरही तीच. माणसाला ती नडते कारण आपण बसून खातो. हा पक्षी फुलासमोर हवेत उभा राहून सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो. त्याला ती जाळायलाच लागते. साखर नको म्हणून कृत्रिम गोडीची पुडी घालाल, तर तो पोटभर पिऊनही उपाशी राहील.

सुनेला सांगा, लाल पावडर परत करून टाक. फुलातला रस पाण्यासारखाच बिनरंगी असतो. पक्षी लाल रंगाकडे ओढला जातो हे खरे, पण त्यासाठी फीडरचे लाल झाकण आणि लाल फुले पुरेशी आहेत. तीन ग्रॅमच्या जिवाच्या पोटात दिवसभर रंग ओतायचे काहीच कारण नाही.

धुण्याबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण फीडर लावणारी घरे पुष्कळ आणि नीट धुणारी थोडी. पाणी बदलाल त्या प्रत्येक वेळी फीडर पूर्ण उघडून गरम पाण्याने आणि ब्रशने घासायचा. नुसता विसळून उपयोग नाही. भोकांसाठी बारीक ब्रश मिळतो, तो घ्या. दुधाच्या बाटलीचे बूच घासतात तसलाच, फक्त अजून बारीक. आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागले तर अजून स्वच्छ झालेला नाही. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात तासभर बुडवून ठेवा. आत्ता लागलेली काळी बुरशी व्हिनेगरने गेली नाही तर एक गॅलन पाण्यात पाव कप ब्लीच घालून त्यात तासभर ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र मात्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. नातू मदतीला असेल तर ब्लीचचे काम तुम्ही किंवा त्याच्या आई-बाबांनीच करावे.

आता बाटलीच बदला असे मी सांगणार आहे, आणि त्याला धुण्याच्या सोयीखेरीज दुसरेही कारण आहे. तुमचा फीडर उलट्या बाटलीचा असणार. अशा बाटलीत पाणी कमी भरले की वरची हवा जास्त. ऊन लागले की ती हवा प्रसरण पावते आणि पाणी भोकांतून बाहेर ढकलते. ते थेंब खाली ठिबकतात, मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना वास लागतो. म्हणजे माप कमी करायचे म्हटले तर हा फीडर गळणार आणि काठोकाठ भरला तर पाणी नासणार. त्यापेक्षा थाळीच्या आकाराचा, झाकण सरळ वर निघणारा छोटा फीडर आणा. त्यात पाणी भोकांच्या खाली राहते. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर सहज पोचते, गांधीलमाशीचे तोंड पोचत नाही. भोकांभोवती पिवळी फुले असलेला घेऊ नका, पिवळ्यावर माश्या जास्त येतात. दिसायला साधा पण दोन्ही हातांनी उघडून पुरा घासता येईल असा फीडर दुकानातच उघडून पाहून घ्या. टांगायची जागाही बघा: सकाळचे ऊन चालेल, दुपारी सावली हवी.

मुंग्यांसाठी तुम्हाला फार शिकवावे लागणार नाही. दुधातुपाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत तुम्ही घरी पाहिली असेल. तीच युक्ती इथे उलटी टांगलेली मिळते: हूक आणि फीडर यांच्या मध्ये अडकवायची पाण्याची छोटी वाटी. दुकानात अँट मोट म्हणून मागा. तिच्यात निव्वळ साधे पाणी घाला आणि आटले की भरा. दांडीला तेल, तूप, व्हॅसलीन काही लावू नका. ते पंखांना लागले तर पक्ष्याला ते निघत नाही. आणि भारतातून कुणी मुंग्यांचा खडू आणून दिला असेल तर तो अंगणात ओढू नका. ते कीटकनाशक आहे आणि अमेरिकेत तसला खडू विकायला परवानगी नाही.

कीटकनाशकावरून आठवले, तुम्ही विचारलेले नाही तरी सांगते. तुमच्याकडे डासांसाठी अंगणात फवारणी करून देणाऱ्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. मुलाने तसे काही ठरवले असेल तर त्याच्याशी बोला. हमिंगबर्ड केवळ साखरेवर जगत नाही. बारीक माश्या, चिलटे, कोळी हे त्याचे खरे जेवण. पिल्लांच्या चोचीत आई मुख्यतः किडेच घालते. घरट्याची वीणही ती कोळ्याच्या जाळ्याने बांधते, म्हणून ते पिल्लांबरोबर ताणत वाढते. अंगणातले किडे संपवून फीडर भरत राहणे म्हणजे जेवण काढून घेऊन सरबत देणे. साचलेले पाणी ओतून टाका, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या ठेवा, डास त्यानेही पुष्कळ कमी होतात. डेकच्या कोपऱ्यातली कोळिष्टके मात्र वसंतात थोडी राहू द्या. आपल्या हाताला ती झाडायची सवय असते, तरीही.

भांडकुदळ पक्ष्याचे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो दुष्ट नाही. रानात एका झुडपावर मोजकीच फुले असतात, रस पुन्हा भरायला वेळ लागतो. ज्याने झुडूप राखले त्याचे पोट भरले. तुमचा फीडर त्याच्या दृष्टीने कधी न आटणारे झुडूप आहे, मग तो ते सोडेल कसा? त्याला हाकलू नका. दुसरा छोटा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यापासून दिसणार नाही असा टांगा. दोन्हीवर एकाच जागेवरून नजर ठेवता आली नाही की त्याची मक्तेदारी मोडते. पण दोन फीडर धुणे झेपणार असेल तरच. नाहीतर एकच ठेवा आणि भांडू द्या. ऑगस्टच्या अखेरीस गर्दी इतकी वाढते की एकट्याला राखण करणे आपोआप कठीण होते. त्या दिवसांत लाल गळ्याचे नर कमी दिसू लागतील, कारण ते आधी निघतात. मागे राहतात माद्या आणि याच वर्षी जन्मलेली पिल्ले.

फीडरपाशी आणखी दोन धोके असतात. डेकवर काचेचा सरकता दरवाजा असेलच. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत असू द्या किंवा तीस फुटांच्या पलीकडे. अगदी जवळून उडालेला पक्षी वेग घेण्याआधीच काचेशी येतो, म्हणून इजा होत नाही. मधल्या अंतरावरून तो भरधाव येऊन आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवले तर अधिक चांगले. ते काम नातवाला द्या, आवडीने करेल. एखादा पक्षी आदळून पडलाच तर भोके पाडलेल्या छोट्या खोक्यात मऊ कागदावर ठेवा, अंधाऱ्या शांत जागी. पाणी पाजू नका. तासाभरात सावरला नाही तर जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा. घरात ठेवून घ्यायचा नाही. 1918 सालच्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्याला मनाई आहे. दुसरा धोका प्रेइंग मँटिसचा, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणाऱ्या हिरव्या किड्याचा. उन्हाळा संपता संपता तो मोठा होतो, फीडरवर दबा धरून बसतो आणि हमिंगबर्डला धरतो. खोटे वाटेल, पण अमेरिकेत याच्या पुष्कळ नोंदी झालेल्या आहेत. दिसला तर काडीवर घेऊन लांबच्या झुडपात सोडा. मारू नका, बागेत तोही कामाचा आहे.

शेजारच्या बाईंचे म्हणणे मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि त्यामागे पक्ष्यांबद्दलची काळजीच असते. पण फीडर टांगलेला आहे म्हणून कोणताही निरोगी हमिंगबर्ड थांबत नाही. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या शरीरालाच निघायची वेळ कळते. तो अधाशासारखा खातो, वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि दक्षिणेला निघतो. हिवाळा मेक्सिकोपासून पनामापर्यंत कुठेतरी. त्यातले बरेच जण मेक्सिकोचे आखात, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर पाणी, एका दमात ओलांडतात. पिल्लेही एकेकटी जातात, वाट दाखवायला आई बरोबर नसते. तेव्हा सप्टेंबर हा फीडर काढायचा नव्हे, तर उलट अगदी नियमाने ताजा ठेवायचा महिना आहे. तुमचे नेहमीचे पक्षी गेल्यावरही उत्तरेकडून उतरणारे थकलेले पक्षी दोन-चार दिवस तिथे थांबतील. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे वाट पाहायची, मग उतरवायचा. कॅरीत साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ही वेळ येते.

म्हणजे तुम्ही सांगलीला निघालात तरी काम थोडे उरणार. सुनेला किंवा मुलाला जमेल का हे आत्ताच विचारून ठेवा. जमणार नसेल तर निघताना फीडर स्वच्छ धुऊन, कोरडा करून कपाटात ठेवा आणि मनाला रुखरुख लावून घेऊ नका. घाणेरडा फीडर टांगून ठेवण्यापेक्षा नसलेला बरा. सुट्टीत चार दिवस गावाला जाल तेव्हाही हेच.

त्याऐवजी जाण्याआधी एक रोप लावून जा. मला फीडरपेक्षा हे जास्त प्रिय आहे. नर्सरीत कोरल हनीसकल मागा. तांबड्या लांबट फुलांची ही वेल तिथलीच आहे, कठड्यावर सुरेख चढते आणि वसंतात हमिंगबर्ड परत येतात तेव्हा तिला फुले असतात. जपानी हनीसकल घेऊ नका, ती रानभर माजते. जमीन ओलसर असेल तर कार्डिनल फ्लॉवर लावा. त्याची लालभडक फुले उन्हाळ्याच्या अखेरीस, प्रवासाच्या तोंडावर येतात. कॅरोलिनात शरद ऋतू लावणीला चांगला: उकाडा गेलेला असतो आणि मुळांना हिवाळाभर रुजायला वेळ मिळतो. वेलीला धुवावे लागत नाही, आणि तिच्यावर किडेही येतात.

बहिणीला फीडर नको म्हणावे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. सांगलीत फुलांवर येतात ते शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचे घराणे वेगळे. शिंजीर सहसा फांदीवर किंवा देठावर बसून रस पितो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साखरपाणी दुपारपर्यंतच आंबेल, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करता करता बहीण थकून जाईल. बागेत जास्वंद असू द्या, जागा असेल तर शेवगा आणि पांगारा. कोळिष्टके आणि वाळका कचरा गुंफून केलेले शिंजिराचे लोंबते घरटे जाई-जुईच्या वेलीत दिसले तर ती फांदी छाटू नका.

राहता राहिला हिवाळा. नोव्हेंबरात पानगळ झाल्यावर सुनेला अंगणात एखादा हमिंगबर्ड दिसला तर तिला घाबरू नको म्हणा. तो मागे राहिलेला दुबळा पक्षी असेलच असे नाही. पश्चिमेकडचे तांबूस रंगाचे रुफस हमिंगबर्ड दर हिवाळ्यात आग्नेय अमेरिकेत येतात आणि थंडी सोसतात. असा पाहुणा आला तर फीडर पुन्हा टांगायचा. प्रमाण तेच, एकास चार. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडणार असेल तर फीडर घरात घ्यायचा आणि उजाडायच्या आत परत बाहेर लावायचा, कारण पहिला घोट त्याला तेव्हाच हवा असतो. कुणीच आले नाही तर मार्चच्या अखेरीस, नरांची पहिली फळी पोचायच्या सुमाराला, तो बाहेर काढायची आठवण सुनेच्या फोनमध्ये आत्ताच लावून ठेवा.